मोकळ्या जागेतली बाळंतपणं

कांजूरमार्गच्या आमच्या नव्या इमारतीच्या दारात बिल्डरने परिसराचा एक जुना फोटो लावला. खाली ओळ होती: ‘पूर्वी इथे मोकळी जागा होती.’

उद्घाटनाला बाहेरची एक म्हातारी आली. चष्मा कपाळावर सारून ती फोटोला नाक लावून उभी राहिली आणि कोपऱ्यातल्या विहिरीवर बोट ठेवून म्हणाली, “गावठाणातल्या प्रत्येक नवरीची हळद इथल्याच पाण्याने उतरली.”

सेक्रेटरी म्हणाले, “आजी, ते आता कशाला?”

“मग माझी बाळंतपणं मोकळ्या जागेत झाली काय रे?”

सगळे हसले. ती हसली नाही. तिला चहा दिला गेला, ओळ मात्र कुणी बदलली नाही. मोकळ्या जागेवर कुणाला हक्क सांगता येत नाही.