साडूभाऊंच्या पडद्यावरच्या रेघा

गेली बारा वर्षं त्याच्या दुकानात मोबाइलच्या काचाच बदलल्या जात होत्या, तरी गल्ली त्याला मॉनिटरवालाच म्हणे. त्याआधी तेवीस वर्षं त्याने जुने डबा मॉनिटर दुरुस्त केले होते. कडा वाकल्या, चित्र थरथरलं, आडव्या रेघा आल्या, की गिऱ्हाईक ते धूड छातीशी कवटाळून त्याच्याकडे येई. मग तो मॉनिटरचं मागचं झाकण काढी, समोर आरसा उभा करी आणि मागून स्क्रू फिरवत आरशात चित्र सरळ होताना बघे. तो आरसा अजून दुकानात होता. आता त्यात तो केस विंचरायचा, तेही उरले होते तेवढे.

आणि आता हे साडूभाऊ! धाकट्या मेव्हणीचा नवरा. विमा कचेरीत कारकून, जन्मात कधी स्क्रूड्रायव्हर हातात धरलेला नाही. त्यांनी आपल्या नव्याकोऱ्या सपाट कॉम्प्युटरवर कसलासा प्रोग्राम टाकला आणि अख्खा पडदा जुन्या मॉनिटरसारखा दिसायला लागला. फुगीर कडा, बारीक रेघा, अक्षरांभोवती हिरवट धूसर उजेड, सगळं तस्संच. फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर आला आणि कौतुकाला नुसता ऊत आला. त्यात मॉनिटरवाल्याच्या बायकोनेही लिहिलं, "भाऊजी, तुमच्या हातात जादू आहे."

ते वाचून त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. त्याच्या हातांबद्दल ती आजवर एवढंच म्हणाली होती, की जेवायच्या आधी नीट धुवा. ज्या रेघा घालवण्यात याची उमेदीची वर्षं गेली, त्याच आणून बसवल्याबद्दल त्या माणसाला शाबासकी. दोन दिवस त्याला घास गोड लागला नाही.

रविवारी सकाळी दोघं नवराबायको साडूभाऊंकडे गेली. आतली जळजळ दिसू नये म्हणून तो जरा जास्तच गोड बोलत होता. साडूभाऊ मोठ्या मनाचे निघाले, आणि तेही त्याला झोंबलं. "दादा, खरे जाणकार तुम्ही. काही चुकलंय का बघा," म्हणत त्यांनी खुर्ची रिकामी केली आणि प्रत्येक गोष्ट कमीजास्त कुठून करायची ते दाखवलं.

मॉनिटरवाला बसला. कड वाकलेली दिसली, हात आपोआप गेला, सरळ केली. रेघा दिसल्या, घालवल्या. थरथर थांबवली. तो हिरवट उजेड पुसून टाकला. मान तिरकी करून चारही कोपरे तपासले आणि जुन्या सवयीने म्हणाला, "झालं. घेऊन जा."

मेव्हणी फसकन हसली. समोर साधासुधा नवा कॉम्प्युटर उरला होता. त्याची कानशिलं तापली. साडूभाऊंनी हसू दाबत एक बटण दाबलं आणि सगळे दोष जागच्या जागी परत आले. मेव्हणी वा वा म्हणाली. तो मात्र बायकोकडेच बघत होता.

ती पुढे वाकली. फोटोत न दिसलेली थरथर आता तिच्या पुढ्यात होती. तिने दोन ओळी वाचल्या आणि डोळे चोळले.

"डोळ्यांना त्रास होतो हो याचा, भाऊजी," ती म्हणाली. "यांनी केलं होतं तसंच राहू द्या."

मॉनिटरवाल्याला ते अगदी स्वच्छ ऐकू आलं होतं. तरी त्याने विचारलं, "काय म्हणालीस?"