जोडीतली दुसरी डिस्क

ती घटना आजही आठवते, आणि आठवली की मान आपोआप खाली जाते. त्यात माझं काही चुकलं होतं असं नाही. पण एखाद्याची लाज निघताना समोर बसावं लागलं ना, की ती आपल्याही अंगाला चिकटते. त्यात पोलिसाला उठून जायचीही सोय नसते.

निवृत्तीच्या थोडं आधीची गोष्ट. मी हायवेलगतच्या एका पोलीस ठाण्यात होतो. सकाळची हजेरी आटोपून चहा मागवला, तेवढ्यात एक तरुण तावातावाने आत आला. मागून त्याचे वडील आणि धाकटी बहीण. तिच्या हातावरची लग्नाची मेंदी अजून पुरती उतरली नव्हती. कुटुंब मूळ रत्नागिरीकडचं, राहायला भाईंदरला. मुलगी दिली होती वरसाव्याला. तक्रार होती लग्नाचं शूटिंग करणाऱ्या कॅमेरावाल्याविरुद्ध.

"साहेब, व्हिडिओच देत नाहीये तो. रोज नवा बहाणा. म्हणतो, डिस्कच खराब निघाली. नवी कोरी एसएसडी अशी खराब होते का? मी स्वतः दिवसभर कम्प्युटरवर काम करतो, मला शिकवतो का तो?"

नुसता व्हिडिओ मिळत नाही म्हणून कोणी ठाण्यात येत नाही. गोम वेगळीच होती. हळदीला बायकांनी नवरीला पाण्याने चिंब भिजवलं होतं आणि ते सगळं कॅमेऱ्यात होतं. व्हिडिओ गायब म्हटल्यावर सासरी कुणीतरी कुजबुजलं, पोरीचे ओल्या साडीतले व्हिडिओ आता मोबाइलवर फिरणार. सासूने सांगितलं, छडा लागेपर्यंत माहेरी राहा. बिचारी बॅग भरून परत आली होती. ती एक अक्षर बोलली नाही. वडील तेवढे म्हणाले, "साहेब, माझ्या लेकीचा संसार आहे हो."

मी अर्ज घेतला आणि खबऱ्यांना कामाला लावलं. एका गॅरेजवर बसणारा आमचा माणूस लगेच बातमी घेऊन आला. "साहेब, तो कॅमेरावाला दुकान-दुकान फिरतोय. डिस्क दाखवून विचारतोय, अंदर का सब निकलेगा क्या? गिऱ्हाईक शोधतोय वाटतं."

झालं! दुपारपर्यंत त्याला आणून समोर बसवला. चौक गावचा, मच्छीमाराच्या घरातला, पस्तिशीचा माणूस.

माझी एक सवय होती. प्रश्न विचारायचा आणि गप्प बसायचं. खोटारड्याला शांतता सोसत नाही, तो काहीतरी बडबडतोच. हा पठ्ठ्या बडबडेना.

"व्हिडिओ कुणाला दिलास?"

"कुणाला न्हाय दिला, साहेब. उतरलाच न्हाय डिस्कवर."

"मग कॅमेऱ्यातली कार्डं कुठं आहेत?"

यावर त्याने जी मान खाली घातली ती वर केलीच नाही. टेबलाचा सनमायका नखाने खरवडत बसला. माझ्या हवालदाराने आवाज चढवून पाहिला, समजावून पाहिलं. उपयोग शून्य. मान खाली म्हणजे अर्धा गुन्हा कबूल, असा आमच्याकडे समज. मलाही वाटलं, गडी सापडला.

डिस्क पंचनामा करून जप्त केली. सायबरच्या मॅडम आल्या, त्या उपनिरीक्षक होत्या. त्यांनी आधी डिस्कची हुबेहूब प्रत काढली आणि त्या प्रतीवर काम सुरू केलं. फाइलींची नावं सगळी दिसत होती. हळद, सप्तपदी, पाठवणी. पण सुरुवातीच्या थोड्या सोडल्या तर एकही उघडेना.

"सर, पुसल्याची काही खूण दिसत नाही," मॅडम म्हणाल्या. "मला वाटतं लिहितानाच डिस्कने दगा दिला. पण जप्त मालावर लिहून बघता येणार नाही, पुरावाच खराब होईल. हिच्यासारखी दुसरी मिळाली तर..."

कोपऱ्यात बसलेल्या कॅमेरावाल्याने तेव्हा पहिल्यांदा तोंड उघडलं. "हाय ना दुसरी. त्यांच्याच घरी हाय. जोडी आणलेली, एक त्यांची नि एक नवऱ्याकडच्या पाव्हण्यांची."

"कोणी आणली?"

"नवरीच्या भावानं. आमच्या धंद्यात ज्याचं लग्न ती पार्टीच डिस्क देते, साहेब."

मी उडालोच. भावाने अर्जात रामायण लिहिलं होतं, पण डिस्क आपण दिली याबद्दल अवाक्षरही नव्हतं.

"अरे शहाण्या, मग मघापासून का नाही बोललास?"

"डिस्क त्यांची, पण बघायचं काम माझं ना!" आणि मग सगळंच बाहेर आलं. मुहूर्ताचा दिवस, एक लग्न उरकून त्याला दुसऱ्या हॉलवर पळायचं होतं. कार्डांतलं सगळं डिस्कवर टाकलं, नावं दिसली, तेवढ्यावर समाधान मानलं. एकही फाइल उघडून न बघता कार्डं साफ केली आणि त्यांच्यावर दुसरं लग्न शूट केलं. "हे बोललो असतो तर हितं परत मला कोण बोलावणार? पोरीचं वाटोळं झालं माझ्यामुळं." मोठा बाप्या माणूस हुंदके देऊन रडला. दुकानं पालथी घालत होता तो कुणीतरी डिस्कमधलं शूटिंग परत काढून देईल या आशेने.

मी भावाला बोलावून दुसरी डिस्क मागितली. तो म्हणाला, "ती... ती हरवली."

"हरवली कशी? कपाटात आहे की," वडील म्हणाले आणि स्वतः घरी जाऊन घेऊन आले. वरचं प्लॅस्टिकसुद्धा फाडलेलं नव्हतं.

भावाला शेजारी बसवून मॅडमनी बंदोबस्ताची जुनी रेकॉर्डिंग तिच्यावर टाकायला घेतली. आधी सुसाट गेली, मग रखडली, शेवटी नावं सगळी दिसली, पण सुरुवातीच्या थोड्या सोडल्या तर फाइली उघडेनात.

"केबल खराब असेल," भाऊ म्हणाला. केबल बदलली. तेच.

"पोर्टचा प्रॉब्लेम असतो कधी कधी." पोर्ट बदललं, शेवटी लॅपटॉपही बदलला. लहान फाइली मुकाट जायच्या, मोठं काही टाकलं की मान टाकायची. मग वडिलांची संमती घेऊन पंचांसमक्ष तिचं कव्हर उघडलं. आत जवळजवळ रिकामं. एका कोपऱ्यात मोबाइलमध्ये घालतात तसलं चिमुकलं मेमरी कार्ड गोंदाने चिकटवलेलं. वर छापलेल्या जागेचा पाव हिस्साही त्यात नव्हता, म्हणून नावं उमटायची आणि आतलं वाया जायचं.

"हे काय रे?" वडिलांनी विचारलं.

भावाने मान खाली घातली आणि सनमायका खरवडायला लागला. थेट त्या कॅमेरावाल्यासारखा.

मुलगी तेव्हा पहिल्यांदा बोलली. "दादा, तुला माहीत होतं?"

माहीत होतं. रस्त्यावरच्या ठेल्यावरून स्वस्तात उचललेल्या डिस्का, घरात ओरिजिनल म्हणून मिरवलेल्या. कॅमेरावाल्याचा फोन आला त्या रात्री याने मोबाइलवर शोधलं आणि डिस्का बनावट आहेत हे समजला. पण तोवर सगळ्यांसमोर त्याला चोर ठरवून बसला होता. "एकदा बोलून गेलो साहेब, मग मागे कसा येऊ?" म्हणजे आपली फजिती होऊ नये म्हणून याने सख्ख्या बहिणीची बॅग माहेरी पडू दिली. वडील त्याच्यावर ओरडलेसुद्धा नाहीत. त्यांनी चष्मा काढला आणि नुसता पुसत राहिले. त्यांच्याकडे बघायची माझी छाती झाली नाही.

कॅमेरावाल्याला चहा पाजून घरी पाठवला. मुलीला म्हटलं, "सासरच्यांना मी पत्र देतो, अर्ज निकाली काढल्याचं."

"पत्र नको साहेब. दादा बोलेल. तुम्ही फक्त बरोबर या."

साध्या कपड्यांत गेलो. वरसाव्याच्या त्या घरात सासूबाईंनी पाणी दिलं. भावाने ती कव्हर उघडलेली डिस्क टीपॉयवर ठेवली आणि फरशीकडे बघत उभा राहिला.

एवढ्या नोकरीत जे उमगलं नव्हतं ते मला त्या टीपॉयपाशी उमगलं. गुन्हेगार मान खाली घालतो आणि लाजलेला माणूसही मान खाली घालतो. वरून दोघांत काडीचा फरक दिसत नाही. मान बघून निकाल द्यायचा नसतो, त्याच्या गप्प बसण्याचा भुर्दंड कुणाला पडतोय ते आधी बघायचं असतं. इथे दोन पुरुष आपापली अब्रू सांभाळत गप्प होते आणि भरडली जात होती ती पोर.

ती अजून उंबऱ्यापाशीच होती, बॅग पायाशी ठेवून. म्हणाली, "दादा, खाली बघून नको. त्यांच्याकडे बघून सांग."

त्याने सांगितलं. सगळं सांगितलं. सासूबाईंचा चेहरा उतरला. त्या लगबगीने उठल्या आणि बॅग घ्यायला हात पुढे केला.

तिने बॅग दिली नाही. स्वतःच उचलली आणि आत गेली. बाहेरच्या खोलीत आम्ही जेवढे होतो तेवढे सगळे खाली बघत बसलो.