नाव बदलून विचारलं

"तुमची मराठी पण लाल पडून राह्यली काय?"

साहेबांनी हे सगळ्यांदेखत लिहिलं. कॉम्प्युटरचा काळा पडदा, त्याच्यावर पांढरी अक्षरं. ना चित्र, ना रंग. आमची इंटरनेटची लाइन इतकी रडकी होती की तिच्यावर दुसरं काही चालतच नव्हतं. कंपनीचे सगळे डेस्क त्या एका चॅट रूममध्ये लिहीत. अकोला, वाशिम, यवतमाळ, आणि वर पुण्याचे साहेब. मी बुलडाण्याची.

बियाण्याची कंपनी होती. शेतकरी फोन करत, त्यायची तक्रार मी रूममध्ये टाको, वरून उत्तर आलं की त्यायले सांगो. त्या दिवशी एका म्हाताऱ्यानं सांगतलं, कपाशीची पराटी लाल पडून राह्यली, काऊन? त्याचा जीव तुटत होता. मी जसं ऐकलं तसं टाकलं. साहेबांनी पराटी पाह्यली नाही. माह्यं 'राह्यली' उचललं आणि रूममध्ये टांगलं. मंग सगळे हासले. अकोल्याचा पोट्टा बी हासला. अरे, तुह्यी माय घरी काय बोलते, मले का मालूम नाही?

मंग साहेबांनी लिहिलं, "शिस्त लागेपर्यंत फक्त वाचा."

माह्या नावापुढचं अधिकचं चिन्ह गेलं. त्या चिन्हाले आवाज म्हणत. ज्याच्यापुढं चिन्ह, त्याचंच लिहिलेलं रूममध्ये उमटे. बाकीच्यायनं नुसतं वाचायचं. चिन्ह द्यायचं, काढायचं, कोणाले रूमच्या भाईर फेकायचं, हे सगळं साहेबांच्या हातात. मी घाईनं लिहिलं, सर, माफ करा. प्रोग्रामनं उत्तर देलं, इथं तुम्हाले लिहिता येत नाही. माह्यी माफी बी कोणाले दिसली नाही.

माह्यी माय डोणगावले लोकायच्या वावरात कापूस वेचे. मोठ्या घरी मजुरीचा चुकारा मागाले गेली की दारवठ्याच्या भाईर उभी राहे. आतलं सगळं ऐकू ये, बोलायचं नाही. मी शिकले. कॉम्प्युटर शिकले. मले वाटलं होतं, इथं दारवठा नसन.

घरी सांगतलं तं माय म्हणाली, "नोकरी आहे, ऐकून घे." मी ऐकून घेतलं. रोज.

माह्या तक्रारी मंग योगेश टाके. योगेश म्हणजे आमच्या मॅनेजरचा भाचा, बाजूच्या खुर्चीवर बसे. त्याले आवाज होता. त्याच्या मनात आलं की टाके, नाही तं संध्याकाळी टाके. मी विचारलं की म्हणे, "ताई, घाई काय आहे?"

त्या वर्षी आम्ही फवाऱ्याच्या औषधाच्या बाटल्या वाटल्या. फुकट. आमचं बीटी बियाणं लावा, फवाऱ्याचं काम नाही, असं आम्हीच गावोगाव सांगतलं होतं. अळी थांबली तं तुडतुडे आले. मंग आम्हीच बाटल्या घेऊन गेलो, वापरून पाहा म्हणून. बाटलीवर नाव नव्हतं. नुसता नंबर. आत काय आहे हे फक्त वरच्यायले मालूम.

एके दुपारी योगेश जेवाले घरी गेलता. फोन वाजला. वरवट बकालच्या दवाखान्यातून एक बाई बोलत होती. सलमाबी.

"बाई, आमच्या घरचे फवारा मारून आले न, उलट्याच उलट्या करून राह्यले. तोंडातून फेस येऊन राह्यला. तुमच्याच लोकायनं देलेली बाटली हाय. डाक्टर पूछून राह्यले, अंदर काय हाय?"

मंग डॉक्टरच फोनवर आले. "मॅडम, मी अंदाजानं इंजेक्शन देऊन राह्यलो. एकापेक्षा जास्त विषं असतील तर मला कळलं पाहिजे. लवकर सांगा."

मी नंबर विचारून घेतला. रूममध्ये लिहिलं. इथं तुम्हाले लिहिता येत नाही. परत लिहिलं. तेच. साहेबांले एकट्याले निरोप टाकला. आमचे निरोप त्यायच्यापर्यंत जाणारच नाहीत, अशी सोय त्यायनं करून ठेवली होती. दुसऱ्या फोनवरून पुण्याले लावला. तिकडची पोरगी गोड आवाजात म्हणाली, "मॅडम, तांत्रिक प्रश्न रूममध्येच टाका ना. साहेब रूममध्येच आहेत."

होते ना. मले दिसत होते. शेतकरी मेळाव्यात पुरीभाजी ठेवायची का मसालेभात, याच्यावर रूम चालली होती. अकोला म्हणे पुरीभाजी. साहेब म्हणत, तेल फार लागतं. एक एक ओळ माह्या डोळ्यापुढून वर सरकत होती. मी पडद्यावर बुक्की मारली. "अबे, माणूस मरून राह्यला बे तिकडे!" खोलीत एकटीच ओरडत होते. भाईरच्या चपराशानं डोकावून पाह्यलं अन् तो बी गेला.

काय करू? कोणाले सांगू? मले रडू आलं. त्या रडण्याचा बी राग आला.

तवा मले आठवलं, इंडियानं मॅच जिंकली की योगेश रूममधलं आपलं नाव बदले. नाव बदललं की प्रोग्राम स्वतःच सगळ्या रूमले सांगे, अमुक आता तमुक झाला. त्याले आवाज लागत नव्हता. नाव बदलाले कोणी मनाई केली नव्हती.

मी माह्यं नाव पुसलं. मधे रेघा टाकून तिथं लिहिलं, बाटलीत_काय_आहे.

उमटलं! रूममध्ये उमटलं. पण कोणी पाह्यलं नाही. मसालेभात चालूच. मी परत नाव बदललं. बाटलीचा नंबर टाकला. मंग परत. माणूस_मरून_राह्यला. राह्यलाच लिहिलं. दुसरं काही सुचलंच नाही.

साहेब थांबले. लिहिलं, "हा काय पोरखेळ लावलाय?" अन् मले भाईर फेकलं.

मी त्याच नावानं परत आत गेले. परत फेकलं. परत गेले. फोन खांद्यात दाबलेला, तिकडून सलमाबीचं रडणं ऐकू येऊन राह्यलं, अन् इकडे मी आत जाते अन् फेकली जाते, आत जाते अन् फेकली जाते. मंग साहेबांनी रूमचं दारच लावून घेतलं, मले आत जाताच येईना. तिकडून फोन बी कोणीतरी खाली ठेवला.

थोड्या वेळानं माह्या एकटीसाठी एक निरोप आला. वरच्यायपैकीच कोणीतरी. दोन विषांची नावं, अन् खाली एक ओळ, माझं नाव कुठे घेऊ नका. अजून घेतलं नाही. घेणार बी नाही.

मी दवाखान्यात फोन लावला. कंपाउंडरनं उचलला.

"त्याले जीपमध्ये टाकून अकोल्याले नेलं, मॅडम. डॉक्टरसाहेब बी संगं गेले."

दोन नावं हातावर लिहिलेली. सांगू कोणाले? जीपमध्ये फोन नव्हता. अकोल्याच्या दवाखान्यात लावत राह्यले, लागला तवा ते म्हणाले, असा पेशंट आला नाही. आला नाही कारण तो वाटेतच गेला. रहीमभाई. लोकायच्या वावरात रोजानं फवारत.

दुसऱ्या दिवशी रूममध्ये गेले तं माह्या नावापुढं चिन्ह होतं. आवाज परत देला होता. साहेबांनी लिहिलं, "झालं ते झालं. बाटलीबद्दल बाहेर बोलू नका. इथे सॉरी लिहा, विषय संपला."

मॅनेजर माह्या खुर्चीमागं उभे. "लिही न माय, काय जाते तुहं?"

मी लिहिलं, "त्यायचं नाव रहीमभाई होतं. बाटलीत काय होतं थे मी त्यायच्या घरी जाऊन सांगणार आहे." मंग पर्स उचलली अन् निघाले.

वरवट बकालले सलमाबीच्या घरी बाया बसल्या होत्या. मी दोन्ही नावं सांगतली. कसं झालं ते सांगतलं. तिनं पुरं ऐकून घेतलं. मंग म्हणाली,

"बाई, मेरेसंगं फोनवर तं बोलत होत्या तुमी. तिथं काऊन नाही बोलल्या?"

"बोलू देत नव्हते."

"तोंड बांधलं होतं काय तुमचं?"

काय सांगणार होते तिले? नावापुढं एक चिन्ह नव्हतं म्हणून? तिचा माणूस गेला होता अन् मी तिले चिन्ह सांगणार होते? लाज वाटली. अशी लाज साहेबांच्या हासण्यानं बी वाटली नव्हती. त्या सगळ्या बाया माह्याकडे पाहत होत्या.

ठाण्यात गेले. दोन नावं सांगतली. लिहून घेतली नाहीत. परत गेले, सलमाबीले संगं घेऊन गेले. मंग घेतली. कंपनीनं मले काढून टाकलं, अन् आता म्हणते, कामावरून काढलं म्हणून बाई खोटं बोलते. म्हणू दे. रहीमभाई परत येत नाही, हे मले बी समजते. केस उभी राह्यली, पण पुढं सरकत नाही. सलमाबी अन् मी तारखेले जातो, बसतो, वापस येतो.

मागच्या तारखेले आमच्या वकिलानं मले बाजूले घेतलं. "मॅडम, जेवढं विचारलं तेवढंच बोलायचं. जजसाहेबांनी इजाजत दिल्याशिवाय तोंड उघडायचं नाही."

मी म्हटलं, "वकीलसाहेब, इजाजतीची वाट पाहून एक माणूस मेला. मी उघडणार."