अण्णांच्या पाढ्याची सातवी ओळ

मंडळी, मी गणित घेऊन बीएस्सी झालेली बाई. अपशकुन मानत नाही. तरी आज तुम्हाला एक विचारायचंय.

आमच्या गावी, तेरला, माझे वडील, अण्णा, बरेच दिवस न बोलता पडून आहेत. दिवेलागणीला त्यांच्यापाशी बसून मी लहानपणचा १४२८५७ चा पाढा म्हटला. २८५७१४, ४२८५७१... सहापर्यंत तेच आकडे नुसत्या जागा बदलतात. सातला मात्र ९९९९९९, जुना एकही उरत नाही. ती ओळ अण्णा कधीच म्हणू देत नसत. "घरातली सगळी माणसं एकदम गेल्यागत वाटतं," म्हणायचे.

मी सहावर थांबले. खाटेवरून खणखणीत आवाज आला, "सातवी म्हण की गं. भ्यालीस व्हय?"

"न्हाय म्हणणार, अण्णा."

ते अजून माझ्या ओठांकडं टक लावून बघताहेत. धीराचे शब्द नकोत. एवढंच सांगा, तुम्ही ती ओळ म्हटली असती?