राणीचं न सांगितलेलं सुतक

आमच्या राणीचं नाव वाल्बुर्गा. माद्रिदमध्ये ते कुणाच्या जिभेवर बसेना, म्हणून पहिल्याच आठवड्यात तिची दोन्या वालेरिया करून टाकली; दोन्या म्हणजे बाईसाहेब. सोळाव्या वर्षी बव्हेरियातून आली तेव्हा तिच्या दासी आणि कुत्रा सरहद्दीवरूनच माघारी धाडले. चालच होती तशी. माहेरचं म्हणून राहिलं काय, तर दर मंगळवारी आईला लिहायचं पत्र.

मी ब्रिखिदा, राजवाड्याच्या धोबीखान्यातली.

तिसऱ्या वर्षी राणीला सातवा महिना लागला आणि तिची आई वारल्याची खबर आली. आमच्याकडे गरोदर राणीला वाईट बातमी सांगत नाहीत. शिवाय राजाने जाहीर केल्याखेरीज राजवाड्यात कुणी मेलेलंच नसतं. पण सुतकाचे काळे कपडे तर तयार हवेत, आणि ते काही एका दिवसात रंगत नाहीत. त्यामुळे राणी सोडून सगळ्यांना ठाऊक. स्वयंपाकिणींना, माळ्यांना, तबेल्यातल्या माणसांनासुद्धा. आम्ही आठ दिवस काळ्या रंगासाठी मायफळाच्या आणि लोखंडाच्या पाण्यात कापड बुडवत होतो.

त्यातच राणीच्या खोलीतल्या चादरी बदलायची पाळी माझी आली. हात कोपरापर्यंत काळे, आणि तो रंग घासून जात नाही. दोन्या हिमेना म्हणजे राणीची मुख्य सेविका, राणीसुद्धा तिला विचारून खिडकी उघडायची. ती म्हणाली, "हातमोजे घाल."

"बाईसाहेब, धोबीण कधी हातमोजे घालते का?"

"तोंडालाही घाल एखादा."

घातले. पण गादीखाली चादरीचा कोपरा खोचायला मोज्यातून बोटं वळेनात. दोन्या हिमेना दाराबाहेर कुणाशी तरी बोलत होती. हाताच्या सवयीने मी एक मोजा काढला.

राणी खिडकीशी बसली होती. तिने बघितलं.

"ब्रिखिदा, कोण गेलं?"

"एक बिशप गेले, राणीसाहेब."

"कुठले?"

"म्हातारे होते."

"बिशपसाठी एवढं कापड नाही रंगवत तुम्ही." तिने माझ्या काळ्या बोटांकडे पुन्हा बघितलं. मग म्हणाली, "आई?"

मी उशीला अभ्रा घालत राहिले. तेवढ्यावरून तिला कळायचं ते कळलं. पोटावर दोन्ही हात ठेवून ती जमिनीकडे बघत बसली.

"मी रडले तर विचारतील, कुणी सांगितलं."

"हो."

"आणि तुला हाकलतील."

तुम्ही रडा, माझं मी बघेन, असं म्हणायला हवं होतं मी. घरी पांगळा नवरा आणि तीन पोरी. नाही म्हणवलं.

"मोजा घाल," ती म्हणाली.

पुढे दोन महिने दर मंगळवारी तिने आईला पत्र लिहिलं. थंडी कशी आहे, बाळ कसं लाथा मारतं. दोन्या हिमेना ते वाकून घ्यायची. ती पत्रं कुठे जायची देव जाणे.

मुलगी झाली. बाराव्या दिवशी सगळा दरबार काळ्या कपड्यात खोलीत आला आणि दोन्या हिमेनाने गुडघे टेकून बातमी वाचली. अशा वेळी राणी कोसळते, म्हणून मागे दोघीजणी उशी धरून उभ्या होत्या. राणी ताठ बसून होती. म्हणाली, "ऐकलं." आता रडायची परवानगी होती, पण दोन महिने दाबून ठेवलेलं रडं असं बोलावल्यावर येत नाही.

संध्याकाळी धोबीखान्यात तोच विषय. माझ्याबरोबर कढईवर काम करणारी सिप्रियाना म्हणाली, "दगड आहे गं बाई. माझी गाढवी मेली तेव्हा मी तीन दिवस जेवले नव्हते."

"तुझी गाढवी तुझ्याशी बोलायची तरी," कुणीतरी म्हणालं, आणि सगळ्या हसल्या.

"परकी ती परकीच. सख्ख्या आईसाठी टिपूस नाही. ब्रिखिदा, तू आत जातेस ना, तू सांग. कधी रडताना दिसली?"

"नाही," मी म्हटलं, आणि पुढची चादर पिळायला घेतली.