बेनेबाचा सोमवार

‘फरार : डचेस नावाची गुलाम बाई. वय सुमारे चाळीस, उंची मध्यम, काम धुणं. उजव्या खांद्यावर मालकाच्या आद्याक्षरांचा डाग. जीभ तिखट, स्वभाव कृतघ्न. डोंगरात दडून बसल्याचा दाट संशय. धरून आणणाऱ्यास चार डॉलर इनाम.’

१७८६ साली किंग्स्टनच्या वर्तमानपत्रात ही जाहिरात लागोपाठ दोन आठवडे आली. डचेस हे नाव मालकानं ठेवलेलं. बाईला सरदारणीचं नाव द्यायचं आणि तिच्याकडून मोजे धुऊन घ्यायचे, यात आमच्या व्यापाऱ्यांना फार मोठा विनोद वाटे. तिचं खरं नाव बेनेबा.

मालक जोसाया पेनहॅलो. गिनीच्या किनाऱ्यावरून जहाजं भरभरून येणारी माणसं तो मळेवाल्यांना उधारीवर विकी आणि ब्रिस्टलच्या पेढीला दोन वर्षांच्या मुदतीच्या हुंड्या लिहून देई. मळेवाले त्याला पैसे देत नसत, तो ब्रिस्टलला देत नसे. माणसं उधारीवर विकली जात; मरत मात्र रोखीनं.

कायदा असा, की रविवारी कुणाला कर्जापायी धरता येत नाही आणि इतर दिवशी बंद दार फोडता येत नाही. त्यामुळे सोमवार ते शनिवार गावातले अर्धे प्रतिष्ठित नागरिक दाराला अडणा लावून आत बसत. रविवारी देवळात इतकी गर्दी होई, की आपण फार छान बोलतो असं पाद्र्याला वाटू लागलं होतं. पेनहॅलोच्या दारासमोर चिंचेखाली कर्जबुडव्यांना धरणारा डेप्युटी मार्शल लेझनबी तीन वर्षं स्टूल टाकून, तळलेली मासळी खात बसला होता. रविवारी दोघं एकमेकांना टोप्या काढून नमस्कार करीत.

घरातली गुलाम माणसंही मालमत्तेतच जमा. आडवारी पाऊल बाहेर पडलं, की जप्ती आणि लिलाव. म्हणून बेनेबा सहा दिवस मागच्या अंगणात गावाचे कपडे धुई आणि रविवारी पोचते करी. धुण्याच्या कमाईतून अकरा वर्षांत तिनं आपल्या सुटकेचे सत्तर पौंड मालकाला भरले होते. शेवटचा हप्ता घेऊन एका रविवारी प्रार्थनेनंतर पेनहॅलोनं अगदी भरल्या गळ्यानं तिला मुक्तिपत्र दिलं. ते तिनं तसंच छापखानेवाल्या फिंचला दाखवलं.

“सही कधीची?”

“आत्ताची.”

“मग यात मिरी बांधून ठेव. रविवारचा करार कोर्टात टिकत नाही. आणि साक्षीदार कुठाय?”

रविवारचा कायदा गावात पेनहॅलोइतका कुणालाच पाठ नव्हता. बेनेबा तडक बाजारात गेली. लेझनबी रताळी निवडत होता.

“काय लेझनबीसाहेब, बसून बसून मूळव्याध झाली की नाही?”

“तुझा मालक मरतही नाही गं!”

“उद्या नऊला खिडकीशी या. माझ्या कागदावर साक्ष घाला. मग दार मी उघडते.”

“म्हणजे साठ पौंडांची बाई हातची घालवू?”

“नका घालवू. तीन हजारांचा देणेकरी फटीतून बघत बसा.”

सोमवारी नऊ वाजता पेनहॅलो चॉकलेट पीत होता. बेनेबा दाराच्या अडण्यावर हात ठेवून उभी राहिली.

“मालक, नवा कागद करा. आजची तारीख घाला.”

“अगं, माझ्या शब्दावर भरवसा नाही?”

“ब्रिस्टलवाल्यांनी ठेवला होता.”

“आणि नाही केला तर?”

“तर मी कपडे वाळत घालायला पुढच्या दारानं जाते.”

“वेडे, तुलाही धरतील! लिलाव होईल तुझा!”

“होईल. मला कुणीतरी घेईल. तुम्हाला कोण घेईल?”

पेनहॅलोनं कागद केला. खिडकीच्या फळ्यांतून तो कागद बाहेर गेला आणि लेझनबीची साक्ष होऊन आत आला. धरायला आलेला माणूस साक्षीला, याचं पेनहॅलोला इतकं हसू आलं, की चॉकलेट सांडलं. बेनेबानं कागद पोलक्यात खोचला आणि अडणा काढला.

“अगं, मागच्या दारानं जा!”

“ते गुलामांचं, मिस्टर पेनहॅलो.”

ती बाहेर पडली, लेझनबी आत शिरला. पेनहॅलो कर्जदारांच्या तुरुंगात गेला. तिथं सगळे ओळखीचेच होते.

पुढं ब्रिस्टलच्या वकिलानं जप्तीची यादी केली, तर हिशेबात एक बाई कमी. तिनं विकत घेतलेलं स्वातंत्र्य वहीत लिहायचं, तर ज्या सत्तर पौंडांचा पत्ताच नव्हता, तेही दाखवावे लागले असते. पळून गेली म्हटलं, की हिशेब जुळतो. जाहिरात निघाली.

त्या दोन्ही आठवड्यांत बेनेबा त्याच रस्त्यावर, चार घरं पलीकडे, भाड्यानं राहत होती.