वर्कशॉपातल्या रावजीचे हात

वर्कशॉप शिकवणारा रावजी गांगुर्डे सकाळी सकाळी ‘घेऊन’ येतो, अशी कुजबूज आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात होती. चहा नव्हे, आपलं ते. पुरावा एवढाच, की पोरांना शिकवायला लेथपाशी, म्हणजे लोखंड कातायच्या मशीनपाशी, उभा राहिला की त्याचे हात थरथरायचे. मी तिथं स्टोअरकीपर. बातमी कोरडी वाढणं माझ्या स्वभावात नाही. कँटीनमध्ये मीच तिला वरून तिखट घालायचो.

अठ्ठ्याण्णवच्या जानेवारीत प्राचार्यांनी पिंपळगाव बसवंतच्या शाळेतल्या दहावीच्या मुली बोलावल्या. मशिनं पाहतील, भीड चेपेल, पुढं इंजिनिअरिंगला येतील, हा हेतू. लेथ दाखवायची रावजीनं. आदल्या दिवशी माझ्यादेखत प्राचार्यांनी त्याला सांगितलं, “उद्या पाहुण्यांसमोर हात हलले, तर परवापासून येऊ नका.”

रावजी स्टोअरमध्ये येऊन बसला. 

“भाऊ, सरांना सांगा ना, मशीन मदतनीस वाल्मीकला चालवू द्या. मी नुसतं बोलतो.”

“का रे, जीभ नाही का थरथरत तुझी?”

तो दोन्ही हात मांड्यांखाली दाबून तसाच बसला. मला वाटलं, उतरलेली नाही अजून.

दुसऱ्या दिवशी चाळीस मुली आल्या. थंडीतही रावजीचा शर्ट पाठीला चिकटलेला. हात खिशात. पहिल्या रांगेतल्या आशा नावाच्या चुणचुणीत मुलीला त्यानं पुढं बोलावलं. लेथचा चक म्हणजे लोखंडाचा तुकडा पकडून गरगर फिरणारा जबडा. तो चावीनं कसा आवळायचा, हे तिच्याकडून करून घेतलं. टाळ्या पडल्या. आशा लाजून जागेवर पळाली आणि चावी चकातच राहिली. वाल्मीक कामात तीस वर्षं मुरलेला, पण कायम घाईत. त्यानं बटणाकडं हात नेला.

रावजीनं चावी पाहिली. तोंड उघडलं, पण आवाजच फुटेना. मी दारात होतो. मला वाटलं, हा आता पडतो. तो पडला नाही. खिशातले हात बाहेर आले आणि त्यानं वाल्मीकला असा ढकलला की तो पत्र्याच्या कपाटावर आदळला. मुली किंचाळल्या.

“सर, माझं काही चुकलं का?” आशा रडवेली झाली.

रावजीनं चावी उपसली. ती त्याच्या मुठीत लटलट हलत होती, सगळ्यांना दिसत होती.

“चुकलं माझं, बाळ. चावी माझ्या हातात आल्याशिवाय तुला जाऊ द्यायला नको होतं. मशीन फिरलं असतं, तर ही सुटली असती. तू समोरच होतीस.”

प्राचार्य माझ्या कानाशी आले. “जवळ जाऊन वास घ्या.”

मी निर्लज्ज, गेलो. ऑइल, घाम आणि आल्याचा चहा. दुसरं काही नाही. तसं सांगितलं. प्राचार्य म्हणाले, “रावजी, हेच परत एकदा सांगा मुलींना. सावकाश.” नोकरी राहिली.

त्या संध्याकाळी बसस्टॉपवर मी विचारलं, हात का थरथरतात, तेव्हा त्यानं सांगितलं.

रावजी दारूला शिवत नव्हता. एक्याण्णव साली एका कारखान्यात त्यानं चकात चावी विसरून लेथ चालू केली होती. चावी उडून शेजारच्या मशीनवरच्या नाथा नावाच्या कामगाराच्या डोळ्यात गेली. तो डोळा गेला. तेव्हापासून मशीन चालू करायची वेळ आली की रावजीला भीती वाटायची, आणि हात थरथरायचे.